देव न मानणाऱ्याचं पुण्य

वाचकाचं पत्र :

"मी सत्तेचाळीस वर्षांचा आहे. देव मानत नाही. त्यावरून कुणाशी वाद घालत नाही, मानणाऱ्यांना हसतही नाही, पण मानत नाही. आमच्या शेजारी एक निवृत्त शिक्षक एकटेच राहतात. त्यांची नजर जवळजवळ गेली आहे. बरीच वर्षं मी त्यांचे कागद वाचून दाखवतो, औषधं आणतो, दवाखान्यात नेतो. मी त्यांना काका म्हणतो. मध्यंतरी त्यांचा पुतण्या आला होता. बोलता बोलता म्हणाला, 'फुकट कोण एवढं करतं? घरावर डोळा असणार.' मी काही बोललो नाही. घरी येऊन ताईला सांगितलं. ती म्हणाली, 'त्याचं मनावर घेऊ नकोस. पण एक सांगू? तू देव मानत नाहीस, आणि श्रद्धेशिवाय केलेलं सगळं पाण्यात जातं. गीतेतच आहे, ना इथे उपयोग ना तिथे.' पुतण्याच्या बोलण्यापेक्षा ताईचं जास्त लागलं. श्रद्धाळू माणसावर असा आळ आला तर 'देव बघतोय' म्हणून तो मोकळा होतो. मी काय म्हणू? आणि बघणारं कुणी नसेलच, तर ह्या सगळ्याला अर्थ काय? खरं सांगतो, तेव्हापासून काकांकडे जायचं मी टाळतोय."

– एक वाचक

उत्तर :

आधी उद्या काकांकडे जाऊन या. बाकीचं नंतर वाचलंत तरी चालेल. ज्यांना दिसत नाही त्यांना तुम्ही का येत नाही हेही दिसत नाही. आपलं काय चुकलं, एवढाच विचार ते करत असतील. पुतण्याने आळ घेतला, ताईने शेरा मारला आणि शिक्षा भोगतायत काका.

आता माझं. मी देव मानते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मी कुठे उभी राहून बोलतेय ते तुम्हाला कळेल आणि तुमची समजूत काढायला मी तुमच्या बाजूची झाले असं वाटणार नाही. देव मानणारी बाई म्हणूनच सांगते, तुम्ही काकांसाठी जे केलंत त्यातलं कणभरही पाण्यात गेलेलं नाही. औषध वेळेवर पोटात गेलं. कागद वाचला गेला म्हणून माणूस फसला नाही. दवाखान्यात कुणीतरी हात धरून नेलं. ह्यातली कुठली गोष्ट तुमच्या श्रद्धेअभावी घडायची राहिली? गोळी आणणाऱ्याच्या मनात काय आहे ते विचारून गोळी काम करत नाही. चांगल्या कामाची एक बाजू करणाऱ्याकडे असते आणि दुसरी, ज्याच्यासाठी ते केलं त्याच्याकडे. ह्या दुसऱ्या बाजूला तुमचं सगळं पोचलेलं आहे, आणि तिथे आस्तिक-नास्तिक हा भेदच नाही.

ताई हे ऐकून म्हणेल, मी पोचण्याबद्दल बोलतच नव्हते, तुझ्या पदरात काय पडलं ते विचारत होते. बरोबर आहे. ताईचा प्रश्न करणाऱ्याच्या बाजूचा आहे आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. तिने सांगितलेला श्लोकही खराच आहे. सतराव्या अध्यायातला शेवटचा. श्रद्धेवाचून केलेलं हवन, दान, तप, जे काही असेल ते 'असत्', 'न च तत्प्रेत्य नो इह'. तिने मनचं काही सांगितलेलं नाही, हे आधी तिच्या पदरात घाला.

पण त्याच अध्यायात आठ श्लोक मागे जाऊन बघा. विसाव्या श्लोकात सात्त्विक दान कशाला म्हणावं ते सांगितलंय. द्यायला हवं एवढ्याच भावनेने दिलेलं, परतफेड करू न शकणाऱ्याला दिलेलं, योग्य जागी, योग्य वेळी, योग्य माणसाला दिलेलं. देव मानतोस का, ही अट तिथे नाही. लगेच पुढच्या श्लोकात राजस दान येतं. परतफेडीसाठी किंवा फळावर नजर ठेवून, कुरकुरत दिलेलं. म्हणजे पुण्य पदरात पडावं म्हणून जो देतो तो गीतेच्या हिशेबाने दुसऱ्या पायरीवर बसतो, मग तो दिवसातून तीनदा हात जोडणारा का असेना. आणि दृष्टी गेलेले एकटे काका तुमची कसली परतफेड करणार होते? विसाव्या श्लोकाच्या निकषावर तुम्ही ताईपेक्षा, आणि माझ्यापेक्षाही, सरळ उतरता. तरीही हा श्लोक ताईच्या तोंडावर फेकायला देत नाहीये. शेवटचा श्लोक एकटा सुटा काढून वाचला की काय होतं, ते दाखवायला देतेय.

ताईला वाटतं तसं हे आपल्या परंपरेत एकदा ठरून मिटलेलंही नाही. कर्माचं फळ देतं कोण, यावर आपल्याकडे चांगला खणखणीत वाद झालेला आहे. वेदान्ताचा मूळ ग्रंथ असलेल्या ब्रह्मसूत्रांच्या तिसऱ्या अध्यायात तो सूत्रांतच नोंदवलाय. वैदिक कर्मांचा विचार करणाऱ्या मीमांसा दर्शनाचे सूत्रकार जैमिनी म्हणतात, फळ धर्मातूनच येतं, म्हणजे केलेल्या कर्मातूनच. ब्रह्मसूत्रांचे कर्ते बादरायण म्हणतात, नाही, फळ देणारा ईश्वर. जैमिनींच्या मागून आलेले मीमांसक तर ह्यात बरेच पुढे गेले. यज्ञ आज झाला आणि फळ उद्या मिळणार, मग मधल्या काळात ते असतं कुठे, ह्या अडचणीवर त्यांनी 'अपूर्व' नावाची कल्पना काढली. कर्मातूनच एक न दिसणारी शक्ती निर्माण होते आणि तीच वेळ आली की फळ देते. मध्ये वाटप करणारा कुणी लागत नाही. सातव्या शतकातले मीमांसक कुमारिल भट्ट यांनी जगाचा कर्ता असा ईश्वर असण्याविरुद्ध युक्तिवाद केले आहेत, आणि वेदांवर त्यांच्याइतकी निष्ठा असलेला माणूस शोधून सापडायचा नाही. जैनांनी जगाचा निर्माता देव मानला नाही, आणि त्यांच्याइतकं कडक अहिंसाव्रत दुसऱ्या कुणी क्वचितच पाळलं. बुद्धांनी सांगितलं की चेतना, म्हणजे मनातला हेतू, यालाच मी कर्म म्हणतो. ह्या सगळ्यांकडे कर्मफळ होतं, पुनर्जन्म होता, आणि तुम्ही तेही मानत नसाल, हे मला ठाऊक आहे. म्हणून ते तुमच्या पक्षाचे असं मी म्हणत नाही. मला एवढंच दाखवायचंय की 'देव नाही तर सत्कर्म फुकट' हे वाक्य त्यांच्यापुढे कुणी टाकलं असतं तर त्यांना त्याचा अर्थच लागला नसता.

बाहेरही हेच भांडण आहे. ख्रिस्ती जगात तर ते फार महागात पडलं. माणूस तरतो तो केवळ श्रद्धेने, कर्माने नव्हे, असं मार्टिन ल्यूथर यांनी सोळाव्या शतकात मांडलं, आणि त्यावरून चर्च दुभंगलं. आणि बायबलमधल्या याकोबाच्या पत्रात तर स्वच्छ लिहिलंय की कर्मावाचून श्रद्धा मेलेली आहे. कॅथलिक आणि ल्यूथरपंथी अशा दोन्ही बाजूंच्या प्रतिनिधींना ह्या मुद्द्यावर एका कागदावर सही करायला 1999 साल उजाडावं लागलं. 2013 मध्ये पोप फ्रान्सिस यांनी प्रवचनात सांगितलं की, जो देव मानत नाही त्यानेही चांगलं करावं, आपली भेट तिथेच होईल. त्यावर खळबळ माजली, ती माजणारच होती. इस्लामच्या विचारपरंपरेत मुअतझिला पंथाचे लोक म्हणत की चांगलं-वाईट बुद्धीला कळतं, तर अशअरी पंथाचे लोक म्हणत की अल्लाहची आज्ञा हेच चांगल्याचं मूळ. तेव्हा ताई जेव्हा 'धर्म असं सांगतो' म्हणते, तेव्हा खरं तर ती त्या त्या भांडणातली एक बाजू सांगत असते.

भांडणाच्या मुळाशी जो प्रश्न आहे तो सॉक्रेटिसाच्या तोंडी प्लेटोने घातला त्याला दोन हजारांवर वर्षं होऊन गेली. एखादी गोष्ट देवांना आवडते म्हणून ती चांगली, की ती चांगली आहे म्हणून देवांना आवडते? मी दुसरं म्हणणाऱ्यांतली. देव लहरी आहे आणि उद्या त्याने क्रौर्य आवडून घेतलं तर क्रौर्य चांगलं ठरेल, हे मला माझ्या देवाबद्दल म्हणवत नाही. चांगलं हे आधीच चांगलं असेल आणि देव ते ओळखत असेल, तर तुम्ही केलेलं चांगलंही तो ओळखेलच की. तुम्ही त्याला ओळखत नाही म्हणून तो तुमच्या कामाकडे पाठ फिरवेल, इतका मानी देव मला तरी नको.

इथवर तुमची बाजू. आता जरा तुमच्या विरुद्ध बोलते.

देव नसल्याने तुमच्या कामाचं मोल घटत नाही, पण काम करणाऱ्याची सोय मात्र घटते. हे नास्तिक मित्र सहसा कबूल करत नाहीत आणि मग अशा एखाद्या पुतण्याच्या वाक्याने कोसळतात. माझ्यावर खोटा आळ आला तर रात्री मी कुणाशी तरी बोलू शकते. कुणी ऐकणारं आहे असं मला वाटतं. ते खरं की माझ्या मनाचा खेळ, हा वाद बाजूला ठेवा, मला झोप लागते हे खरं. एखादा दिवस माझ्याकडून काम झालं नाही तर माफी मागायला एक ठिकाण आहे. आणि सोबत आहे. वर्षाचे ठरलेले दिवस, ठरलेली माणसं, 'अगं, दिसली नाहीस' म्हणणाऱ्या चार जणी. श्रद्धेचा हा भाग तत्त्वज्ञानाच्या पुस्तकांत फारसा येत नाही, पण माणूस चांगलं करत राहतो तो बहुतेक ह्याच्या आधारावर.

जर्मन तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांट यांच्यासारख्या माणसालाही ही फट दिसली होती. कर्तव्य कळायला आणि ते करायला देव लागत नाही, माणसाची विवेकबुद्धी पुरते, असं ते ठामपणे सांगतात. पण चांगल्या माणसाला चांगलं मिळतंच असं नाही, हेही त्यांना दिसत होतं. सद्गुण आणि सुख यांची गाठ ह्या जगात पडेलच याची हमी नाही. ती पडावी अशी आशा ठेवायची तर देव गृहीत धरावा लागतो, असं त्यांनी 1788 च्या ग्रंथात मांडलं. म्हणजे कर्तव्याला देव नको, आशेला हवा. मला हा माणूस ह्यासाठी आवडतो की त्याने दोन्ही प्रश्नांची सरमिसळ केली नाही. तुमच्या पत्रात ती झालीय. 'अर्थ काय' हा तुमचा प्रश्न कर्तव्याचा नाहीच. काकांना हात द्यायला हवा की नको, ह्याबद्दल तुमच्या मनात शंका आलेलीच नाही. तुम्हाला हवी आहे ती दाद. न्याय. निदान एवढं तरी, की जे केलं ते कुणाला तरी खरं आहे तसं दिसावं.

ह्यात लाजण्यासारखं काही नाही. पण त्याचं नाव त्याला द्या. देवाची वही नको म्हणणारी माणसं पुष्कळदा लोकांची वही उघडून बसतात, आणि त्यांना ते कळतही नाही. देव बघतोय याची गरज नाही, पण शेजाऱ्यांनी, नातेवाइकांनी, ताईने बघितलेलं हवं. तुम्ही इतकी वर्षं निमूट केलंत, कारण तुम्हाला वाटत होतं की लोकांना तुमचा सरळपणा दिसतोय. पुतण्याने एका वाक्यात ती वही फाडली. ताईने उरलेली पानं. म्हणून ताईचं जास्त लागलं, तिच्या मताला तुमच्या लेखी किंमत आहे. हे दुःख नास्तिकपणाचं नव्हे. ते सगळ्यांचं आहे. आणि 'देव बघतोय' म्हणून श्रद्धाळू मोकळा होतो, हे तुम्ही लांबून बघताय म्हणून वाटतं. आम्हालाही रात्र रात्र डाचतं. फरक एवढाच, की आमच्याकडे स्वतःशी म्हणायला एक वाक्य आहे. आणि तेच वाक्य आम्ही दुसऱ्याला दटावायलाही वापरतो, हेही जाता जाता कबूल करून टाकते.

दुसऱ्या बाजूचा एक मोह आहे, त्यात शिरू नका. नास्तिक माणूस दुखावला की एक उत्तर हमखास सुचतं. 'तुम्ही स्वर्गासाठी करता, मी काही अपेक्षा न ठेवता करतो, म्हणून माझं जास्त शुद्ध.' हे ऐकायला जोरदार आहे आणि बहुतांशी खोटं आहे. रात्री-अपरात्री कुणासाठी डॉक्टर शोधत धावणारी श्रद्धाळू बाई मनात स्वर्गाचा भाव-ताव करत नसते. तिला समोरचा माणूस तडफडताना दिसतो आणि ती धावते. तुम्हीही तसेच धावता. कारणं आपण नंतर शोधतो. मी माझी देवात शोधते, तुम्ही आणखी कशात शोधत असाल. धावण्याच्या त्या क्षणी दोघांच्या मनात एकच गोष्ट असते आणि ती म्हणजे तो तिसरा माणूस.

1682 मध्ये पिएर बेल नावाच्या फ्रेंच विचारवंताने, स्वतः प्रोटेस्टंट असून, लिहिलं होतं की नास्तिकांचा समाजही नीट चालू शकेल, कारण माणसं आपल्या तत्त्वांप्रमाणे वागतच नाहीत, ती स्वभाव, सवय आणि मानापमान यांच्या ओढीने वागतात. त्या काळात हे लिहायला छाती लागत होती. जवळजवळ तीनशे वर्षांनी, 1973 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात त्याचं जणू प्रात्यक्षिकच झालं. अमेरिकेत प्रिन्स्टनला डार्ली आणि बॅट्सन ह्या दोन मानसशास्त्रज्ञांनी धर्मोपदेशक होण्यासाठी शिकणारे 40 विद्यार्थी घेतले. एका इमारतीतून दुसरीकडे जाऊन भाषण द्यायचं होतं. काहींचा विषय होता बायबलमधली ती गोष्ट, ज्यात वाटेवर जखमी पडलेल्याला परका माणूस उचलतो. त्यांच्या वाटेवर खरोखरच एक माणूस कण्हत पडलेला ठेवला होता. थांबलं कोण? ज्यांना घाई नव्हती त्यांच्यातले 63 टक्के. मध्यम घाईत 45. 'उशीर झालाय, पळा' असं सांगितलेल्यांत फक्त 10 टक्के. डोक्यात तीच गोष्ट घोळत होती की नोकरीविषयीचं भाषण, ह्याने म्हणावा तसा फरक पडला नाही. चाळीस जणांच्या प्रयोगावरून जगाबद्दल फार मोठं बोलू नये, पण मला तो खरा वाटतो, कारण मी आजूबाजूला हेच बघते. माणूस चांगला वागतो की नाही हे त्या दिवशी तो किती दमलाय, किती घाईत आहे, एकटा पडलाय का, यावर आपल्याला वाटतं त्याहून फार जास्त अवलंबून असतं.

आणि तुम्ही एकटे पडलाय. पत्रात इतक्या वर्षांच्या कामात दुसऱ्या कुणाचं नावच नाही. म्हणून मला वाटतं, तुम्हाला श्रद्धा कमी पडत नाहीये, माणसं कमी पडतायत. आमच्यासारख्यांना ती देवळात, चर्चमध्ये, मशिदीत तयार मिळतात. तुम्हाला गोळा करावी लागतील. काकांचे जुने विद्यार्थी असतीलच. निवृत्त शिक्षकाला विद्यार्थी नसतील असं होत नाही. दोघा-तिघांना विचारा, आठवड्यातला एकेक दिवस वाटून घ्या. काका खुश होतील, तुम्हाला सुट्टी मिळेल आणि पुढच्या वेळी कुणी 'घरावर डोळा' म्हणालं, तर नुसत्या तुमच्यावर नव्हे, सगळ्या मंडळीवर म्हणावं लागेल.

आणखी एक नाव घ्यायचा मोह आवरत नाही. गोपाळ गणेश आगरकर. देवाधर्माच्या बाबतीत ते तुमच्याच वाटेचे, संशयवादी. शिकत असताना आईला लिहिलेल्या पत्रात त्यांनी कळवून टाकलं होतं की मोठ्या पगाराच्या नोकरीची आशा धरू नकोस, पोटापुरत्या पैशावर समाधान मानून मी सगळा वेळ लोकांच्या हितासाठी घालवणार आहे. तसंच केलं. विरोधकांनी त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली. 1895 मध्ये, चाळिशीही न गाठता, ते गेले. वरून बघणारं कुणी आहे ह्या भरवशाशिवाय हा माणूस इतकं सोसू शकला. पण त्यांचंही सगळं एकट्याने चाललं नव्हतं. बरोबरीने शाळा-कॉलेज काढणारे मित्र होते, पुढे त्यातल्या काहींशी कडाक्याचं भांडण झालं तरी होते. वाचकवर्ग होता. घर होतं. तत्त्व एकट्याला पेलतं, रोजचं काम पेलत नाही.

आता ताई. ती तुमच्या कामाची किंमत करायला बसली नव्हती, असा माझा अंदाज आहे. धाकट्या भावाचं काय होणार, ह्या काळजीने ती बोलली. तिच्या जगात हे जीवन संपल्यावरही काहीतरी आहे, आणि तिथे तू माझ्याबरोबर नसशील ही भीती आहे. ती भीती तिला सरळ सांगता येत नाही, म्हणून ती श्लोक सांगते. तिच्याशी ईश्वराच्या अस्तित्वावर वाद घालू नका, जैमिनी आणि कांट तर अजिबात काढू नका. ते मी तुमच्यासाठी लिहिलेत. तिला एवढंच म्हणा, "ताई, पाण्यात गेलं म्हणालीस ते लागलं. तुझा देव माझं काम वाया घालवणारा आहे असं तुला खरंच वाटतं का?" आणि मग गप्प बसा, तिला विचार करू द्या. बहुतेक ताया ह्या प्रश्नावर आपल्या भावाची बाजू घेतात, मग शास्त्रात काहीही असो. ती म्हणाली, 'मी तुझ्यासाठी प्रार्थना करीन', तर 'कर' म्हणा. त्याने तुमचं काही जात नाही. आणि ती सुटीची असेल तेव्हा तिला काकांकडे घेऊन जा. तिला तुमचं काम ऐकूनच माहीत आहे, बघून नाही.

पुतण्याचा राग सोडा असं मी म्हणणार नाही, तो तुमचा तुम्ही ठरवा. पण त्याच्या संशयाला जागा राहू नये, हे मात्र बघा, कारण त्यात काकांचंही हित आहे. उद्या काकांचं काही बरं-वाईट झालं तर निर्णय नात्यातल्या माणसाला घ्यावा लागेल, आणि तो तुम्हाला शत्रू समजत असेल तर काकांचेच हाल होतील. तेव्हा काकांना विचारून, त्यांच्या देखत, त्याला फोन करा. काय काय करता ते सांगा. दवाखान्याची पुढची तारीख कळवा आणि 'तू येतोस का, की मी नेऊ?' असं विचारा. आला तर उत्तम, तुमचा एक फेरा वाचला. नाही आला तर आपण बोलावलं असता आलो नाही, हे त्याला स्वतःला माहीत राहील.

काकांच्या पैशाने जे काही आणता त्याची पावती आणि वहीत नोंद ठेवा, आणि महिन्याकाठी तिचा फोटो पुतण्याला पाठवा. त्याने न मागता. त्यांचं एटीएम कार्ड तुमच्याकडे असेल तर परत द्या, पिन माहीत असेल तर बदलायला लावा. कागद वाचून दाखवताना पैशाचा किंवा घराचा काही मामला असेल तर तिथे दुसरं कुणीतरी बसलेलं असू द्या, जुना विद्यार्थी चालेल. काकांनी घराचा विषय काढलाच, आणि प्रेमाने ते कधीतरी काढतीलही, तर तो वकिलाशी आणि नातेवाइकांशी बोलायला सांगा. साक्षीदार म्हणून सही करा म्हणाले तर नाही म्हणा, अगदी मन मोडलं तरी.